तपकिरी केंद्रकं

काल पावसात कर्वे रोडवरून घरी आले तरी डोळ्यांसमोर तीच स्लाइड होती. बारा वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या, लॅबमध्ये मायक्रोटोमवर, पातळ काप काढायच्या यंत्रावर, बसतेय. मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा, सुरकुती न पडू देता काचेवर उचलायचा. मग अँटिबॉडी, म्हणजे हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारा पदार्थ. पेशीत इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनला पकडणारं प्रथिन, असेल तर केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळंच राहतं. सोबत गर्भाशयमुखाचा काप कंट्रोल म्हणून, रंग नीट लागतोय का ते पडताळायला, लावते. तो नीट रंगला नाही तर अख्खी बॅच पुन्हा.

ही तपासणी फक्त स्तनाच्या कॅन्सरची, असं पुष्कळांना वाटतं. अंडाशयाच्या गाठीतही ती करतात. या गाठींचे प्रकार असतात: सिरस आणि एंडोमेट्रिऑइड गाठी बहुतेकदा तपकिरी, म्युसिनस आणि क्लिअर सेल बहुधा निळ्या. २०१३ साली २,९३३ स्त्रियांच्या गाठींवरचा मोठा अभ्यास आला. एंडोमेट्रिऑइड प्रकारात ज्यांच्यात रिसेप्टर होते, त्या जास्त काळ जगल्या होत्या.

कालची गाठ लो-ग्रेड सिरस होती. ही हळू वाढते, पण केमोला फारशी दाद देत नाही. म्हणून तर रिसेप्टर महत्त्वाचा: लेट्रोझोलसारखी इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी इथे उपयोगी पडू शकते. बाईंचं नाव मला माहीत नाही, फक्त ब्लॉकचा नंबर. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मायक्रोस्कोपमधून मान वर केली आणि म्हणाल्या, "बघ गं, जवळजवळ सगळी तपकिरी." मी पाहिलं. खूप बरं वाटलं.