तुम्ही विचारलंत म्हणून: कोरगुटाचे जनुक सापडले का?

गेली दहा वर्षे मला एक प्रश्न विचारला जातो. चवथीला घरी येणारे पाहुणे तो विचारतात, रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट पाहताना भेटलेले जुने विद्यार्थी विचारतात, आणि ज्यांच्या खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीतून, मी पिशव्या भरभरून रोपे आणि माती नेली ते चोडणचे शेतकरीही विचारतात: "कोरगुटाचं ते जनुक शेवटी सापडलं की नाही?" (कोरगुट म्हणजे गोव्याच्या खाजनात पिकणारे, खार सोसणारे पारंपरिक भात; विचारतात ते खार सोसण्याच्या जनुकाबद्दल.) आमच्या व्यवसायातील माणसे हाच प्रश्न जरा टोचेल अशा बेताने विचारतात: "छापून आलेला निबंध तुम्ही आपणहून मागे का घेतलात?" दोघांनाही मी आजवर "काम चालू आहे" असे सांगून वाटेला लावले. ते खरे नव्हते. माझ्या निवृत्तीबरोबर ती प्रयोगशाळा बंद झाली आणि तिच्यातील फ्रीजरही दुसऱ्या कोणाकडे गेला. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न दुरुस्त करते, कारण तो असा वाकडा विचारला जाण्यास बऱ्याच अंशी मीच जबाबदार आहे. ज्योती किंवा जया या नेहमीच्या भातवाणांजवळ नाही आणि कोरगुटाजवळ मात्र आहे, असे कोणतेही एक जनुक मी शोधत नव्हते. २००५ साली, म्हणजे भाताचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला त्याच वर्षी, चिनी संशोधकांच्या एका गटाने बंगालच्या नोना बोक्रा या खारसहिष्णु वाणातून एक जनुक वेगळे काढून दाखवले. त्याला आज एचकेटी १;५ म्हणतात. ते पहिल्या गुणसूत्रावर असते आणि साध्या भातातही असतेच; नोना बोक्राच्या आणि त्यांनी तुलनेला घेतलेल्या कोशिहिकारी या जपानी वाणाच्या प्रथिनांत फक्त चार अमिनो आम्लांचा फरक निघाला. माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता: खार वाढला की कोरगुटाच्या मुळांत हे प्रथिन अधिक बनते का आणि ते बसायला हवे त्या जागी जाऊन बसते का? जनुक असणे, त्याची आरएनए प्रत निघणे, त्या प्रतीवरून प्रथिन तयार होणे आणि ते प्रथिन पेशीच्या पटलात पोहोचणे या चार निराळ्या घटना आहेत, आणि पहिली घडली म्हणून चौथी घडतेच असे नाही. हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याचा मला कंटाळा आला होता. पुढे जे घडले ते याच वाक्याकडे पाठ फिरवल्यामुळे घडले.

दुसरा घोळ मानशीच्या, म्हणजे खाजनाच्या बांधातील पाण्याच्या दाराच्या, उपमेचा. एका शेतकरी मेळाव्यात मी सांगून बसले की पेशीचे पटल म्हणजे खाजनाचा बांध आणि हे प्रथिन म्हणजे त्या बांधातील मानस. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तेव्हापासून ती उपमा माझ्या मागे लागली आहे. ती दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. बांध दगडमातीचा असतो. पटल म्हणजे जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचा स्निग्ध पदार्थाचा दुहेरी थर, ज्यात प्रथिने तरंगत आणि सरकत असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलेले हे चित्र पुढे बरेच सुधारले गेले, पण बांधाच्या जवळ ते कधीच आले नाही. शिवाय भरतीला मानस मिटते आणि खारे पाणी बाहेरच अडवते. एचकेटी १;५ काहीच अडवत नाही. मीठ तोवर मुळात शिरून पाण्याबरोबर वर चढू लागलेले असते, आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांना लागून असलेल्या पेशींच्या पटलात बसून हे प्रथिन त्या रसातील सोडियम परत आपल्या पेशीत ओढून घेते, म्हणजे पानापर्यंत ते कमी पोहोचावे. बांध फुटून आत आलेले पाणी घागरीने उपसत बसलेला गडी म्हटले असते तर ते अधिक खरे झाले असते. मेळाव्यात मात्र ते कोणाला आवडले नसते, आणि मला तेव्हा आवडून घ्यायचे होते.

आता निबंधाकडे येते. २०११ साली आम्ही असे छापले की खार दिल्यावर कोरगुटाच्या मुळांत हे प्रथिन ठळकपणे वाढते, ज्योतीत वाढत नाही. पुरावा वेस्टर्न ब्लॉटचा होता. प्रथिनाचा एक छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, सशाला टोचून त्याच्या रक्तातून प्रतिपिंड, म्हणजे त्या तुकड्याला ओळखून चिकटणारे प्रथिन, मिळवायचे. मुळांचा अर्क जेलवर चालवून प्रथिने आकारानुसार वेगळी करायची. आणि त्यांतील नेमक्या एकाला ते प्रतिपिंड चिकटले की तिथे बँड, म्हणजे गडद पट्टा, दिसतो. आमचा बँड ६० किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचे माप) आसपास, गणिताने जिथे यायला हवा तिथेच आला. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: "अगदी अपेक्षित जागी. शंका नाही."

या नोंदीवर मी पुढे स्वतःशी पुष्कळ भांडले आहे. पटलातील प्रथिने पाण्याला बिचकणारी असल्यामुळे जेलमध्ये बहुधा आपल्या खऱ्या वजनापेक्षा हलकी असल्यासारखी पुढे पळतात. बँड गणिताबरहुकूम आला, याचाच संशय यायला हवा होता. नमुना उकळला तर अशी प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि पुष्कळदा जेलच्या खाचेतून खालीच उतरत नाहीत. आम्ही प्रत्येक नमुना पाच मिनिटे उकळत होतो, कारण त्या प्रयोगशाळेत सगळेच नमुने पाच मिनिटे उकळत असत. या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. एमएस्सीच्या उत्तरपत्रिकांत त्या न लिहिणाऱ्या मुलांचे मी गुण कापले आहेत.

२०१३च्या पावसाळ्यात माझ्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने, ही पेडणे तालुक्यातली, ठरवले की प्रथिन वाढते एवढ्यावर न थांबता ते पटलातच असते हे दाखवायचे. तोवर आम्ही मुळांचा सबंध अर्क वापरत होतो, कारण पटले वेगळी करण्यासाठी लागणारा अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुने अतिवेगाने फिरवणारे यंत्र, आमच्याकडे नव्हता. पुण्यातील एका संस्थेत ओळखीने दोन दिवस मिळाले. गोठवलेली मुळे ड्राय आइसमध्ये घालून थर्मोकोलचा डबा घेऊन ती रात्रीच्या बसने निघाली. डब्यात मासळी आहे या समजुतीने वाहकाने तो आत घेऊ देण्यास बराच वेळ नकार दिला, आणि तिने झाकण उघडून धूर दाखवल्यावर तो आणखीच घाबरला. ही गोष्ट आम्ही पुढे वर्षभर हसून सांगत होतो, असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही.

पद्धत सोपी आहे. मुळे वाटून आधी कमी वेगाने चोथा काढून टाकायचा, मग गुरुत्वाकर्षणाच्या १,००,००० पट जोर पडेल अशा वेगाने तासभर फिरवायचे. पटले तळाशी बसतात. पाण्यात विरघळणारी प्रथिने वरच्या द्रवात राहतात. तिने दोन्ही भाग आणले, जेलवर चालवले, फिल्म धुतली. आमचा बँड वरच्या द्रवात होता, काळाभोर. तळाच्या भागात काहीच नव्हते. जे प्रथिन पटलाखेरीज कोठे राहूच शकत नाही, ते पाण्यात विरघळून बसले होते.

माझे पहिले वाक्य होते, "नळ्यांवरच्या चिठ्ठ्या तू बदलल्यास." ती म्हणाली, "नाही, मॅडम." मी तिला पुन्हा पुण्याला पाठवले. तेच आले. तिसऱ्या वेळी मी स्वतः बरोबर गेले आणि चिठ्ठ्या माझ्या हाताने लिहिल्या. शिवाय पटलातील प्रोटॉन पंपाचे प्रतिपिंड तुलनेसाठी घेतले. तो पंप जिथे असायला हवा तिथे, तळाच्या भागात, स्वच्छ दिसला. वेगळे काढण्यात तिची काही चूक नव्हती. आमचा बँड पुन्हा वरच होता.

परत आल्यावर तिने फ्रीजरच्या खालच्या खणातून एक डबी काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात "प्री-इम्यून" असे लिहिलेले होते. सशाला पेप्टाइड टोचण्यापूर्वी काढून ठेवलेले हे सिरम, म्हणजे रक्तातील पातळ द्रव, असते, आणि त्याचा उपयोग एकच: तेच वापरून ब्लॉट करायचा आणि काहीच दिसत नाही याची खात्री करायची. तिने विचारले, "मॅडम, हे कधी वापरलं होतं का?" नव्हते. पहिलाच ब्लॉट इतका स्वच्छ आला होता की दोन मिलिलिटरची ती कुपी पुढे कधी लागेल म्हणून मी जपून ठेवली होती.

शुक्रवारी संध्याकाळी डार्करूममध्ये आम्ही दोघी उभ्या होतो. फिल्मवर हळूहळू बँड उमटला. तीच जागा, तीच रुंदी, आणि खार दिलेल्या नमुन्यात तसाच अधिक गडद. आमच्या पेप्टाइडची त्या सशाशी गाठ पडण्यापूर्वीच त्याच्या रक्तात भाताच्या कुठल्याशा विद्राव्य प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड होते, आणि ते प्रथिन खाराने वाढत होते. आम्ही सहा वर्षे त्याचे मोजमाप केले होते. लाल दिव्यात तिचा चेहरा मला नीट दिसला नाही, आणि दिसला असता तरी मी पाहिला नसता.

माझ्या मनात पहिला विचार विज्ञानाचा आला नाही. मार्चमध्ये द्यायचा प्रकल्प-अहवाल आणि निबंधातील तिसऱ्या लेखकाची चालू असलेली बढती, हे आठवले. दुसरा विचार असा की ती कुपी जगात आमच्याकडेच आहे. तो विचार मी अकरा दिवस बाळगला. त्या अकरा दिवसांत मी विद्यार्थिनीशी हवापाण्याखेरीज बोलले नाही आणि तिनेही विषय काढला नाही. बाराव्या दिवशी मी नियतकालिकाला पत्र लिहिले. माझा प्रामाणिकपणा वाखाणणाऱ्यांनी हे अकरा दिवस हिशेबात धरावेत. ती वाखाणणी मला "निबंध खोटा निघाला म्हणे" या कुजबुजीपेक्षाही अधिक बोचते.

कारण तो खोटा निघाला असेही नाही, आणि नेमके हेच समजावताना माझी दमछाक होते. एका सहकाऱ्यांनी तेव्हा मला परोपरीने विनवले की प्रथिन वाढत नाही असे कोठे सिद्ध झाले आहे, मग निबंध मागे कशाला घ्यायचा? त्यांचे म्हणणे बरोबर होते. निबंधातील आरएनएचे आकडे आजही उभे आहेत, कारण त्यांचा सशाशी संबंध नव्हता. प्रथिन वाढतही असेल. पण ते वाढते असे म्हणायला आमच्याजवळ जे होते ते दुसऱ्याच कशाचे तरी चित्र होते. निकाल उलटला नाही. त्याच्याखालचा पाट काढून घेतला गेला. नवे प्रतिपिंड करून, न उकळता, पटले वेगळी काढून सगळे पुन्हा करण्यास तीन वर्षे आणि नवा निधी लागला असता, आणि मागे घेतलेल्या निबंधाच्या लेखिकेला निधी मिळत नाही.

आम्ही एकटेच फसलो नव्हतो, हेही मी आवर्जून सांगत असते. आमच्या पत्रानंतर अगदी थोड्या काळात, २०१५ साली, शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी "नेचर"मध्ये जाहीरपणे मांडले की संशोधनातील प्रतिपिंडांचा हा बेभरवसा असह्य झाला आहे आणि जनुकक्रम ठाऊक असलेलीच प्रतिपिंडे वापरावीत. ते वाचून मला फार हलके वाटले. मग लक्षात आले की कुपी उघडण्यासाठी मला शंभर शास्त्रज्ञांची गरज नव्हती. एका संध्याकाळची होती.

शेतकऱ्यांचे उत्तर वेगळे आहे आणि ते देताना मला अधिक अवघड वाटते. चोडणचे एक वृद्ध गृहस्थ दर पावसाळ्यात विचारीत, "बाय, तें बीं केन्ना मेळटलें?" (बाई, ते बी कधी मिळणार?) मी बियाणे तयार करते आहे, असे ते धरून चालले होते. मी कधीही ते करत नव्हते. कोरगुटातून निवड करून खाजनासाठी गोवा धान मालिकेतील वाण काढणारे पैदासकार वेगळे आणि त्यांना माझ्या प्रथिनाची वाट पाहावी लागली नाही. खार सोसणे हे एका जनुकाचे काम नाही. सोडियम मुळाबाहेर लोटणे, रसातून काढून घेणे, पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पोकळीत) कोंडून ठेवणे, असे अनेक उपाय त्यात असतात, आणि पैदासकार शेतात उभे पीक पाहून ते सगळे एकदम निवडतो. हे त्या गृहस्थांना समजावता आले असते. पण त्यांच्या गैरसमजामुळे मला त्यांच्या शेतात मुक्त प्रवेश होता, आणि मी तो मोडला नाही.

ती विद्यार्थिनी आता दुसरीकडे शिकवते. तिचा प्रबंध त्या एका प्रकरणाविना, दोन वर्षे उशिरा पुरा झाला. मागच्या महिन्यात तिने फोनवर विचारले की नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात मी "चूक" हा शब्द का घातला नाही. मी म्हटले की चूक हा निष्कर्ष झाला असता, आणि निष्कर्षाला पुरावा लागतो. म्हणून "पुरावा अपुरा ठरला" असे लिहिले. ती म्हणाली, "मी प्रथिनाबद्दल विचारत नव्हते, मॅडम. कुपीबद्दल विचारत होते." पत्राचा कच्चा मसुदा माझ्याकडे आहे. त्यात पहिल्या ओळीत तो शब्द आहे, आणि तो मीच खोडलेला आहे.