आत्याबाईंचा लाल फोन

आमच्या सपरीत, धान्याच्या कोठीशेजारच्या स्टुलावर, बटणांचा लाल फोन आहे. सकाळी अंगण झाडून झालं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच्यावरचं क्रोशाचं झाकण काढतात, झटकतात, पुन्हा घालतात. मधली तीन वर्षं तो फोन मुका होता, तरी हा नेम चुकला नाही. २०१९ मध्ये गावातल्या रस्त्याचं काम निघालं, जेसीबीच्या पात्यात तांब्याची केबल आली आणि आमच्या ओळीतले सगळे फोन एका दुपारीच बंद पडले. अर्ज केले, तालुक्याला चकरा मारल्या. केबल काही जोडली गेली नाही.

माझी नणंद डब्लिनला नर्स आहे. लाइन गेल्यावर आम्ही आत्याबाईंना मोबाईल घेऊन दिला. त्यांचं वय शहात्तर. पन्नास वर्षं कापूस वेचलेली बोटं आहेत ती; पेरांवर भेगा, टोकं लाकडासारखी कोरडी. टच स्क्रीनला बोट कळतं ते कातडीतून होणाऱ्या विजेच्या अगदी बारीक फरकावरून, आणि घट्टे पडलेल्या कोरड्या कातडीतून तो फरक नीट पोचत नाही. नणंदेचा कॉल आला की आत्याबाई त्या हिरव्या गोलावर बोट दाबायच्या, घासायच्या, ओलं करून पुन्हा दाबायच्या. तोवर कॉल गेलेला असायचा. एकदा मी शाळेतून आले तर त्या मोबाईल मांडीवर घेऊन बसलेल्या. "माह्या बोटाले हा वळखतच नाई वं," म्हणाल्या. ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. ज्या बोटांनी हे घर चालवलं, त्यांना घरातली एक वस्तू ओळखत नाही, हे मला सहन होईना.

२०२२ मध्ये गावात फायबर आलं. शाळेची ऑनलाइन माहिती भरायला मी घरी कनेक्शन घेतलं. तेव्हा नंदोई म्हणाले, "तुमचा लाल फोन फेकू नका. तोच इंटरनेटवर चालतो. कॉम्प्युटर लागत नाही, मधे फक्त एक डबा बसवायचा."

त्या डब्याला एटीए म्हणतात, म्हणजे अ‍ॅनालॉग टेलिफोन अ‍ॅडॉप्टर. साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा असतो. मला साडेतीन हजाराला पडला. एका बाजूनं राउटरची लॅन केबल, दुसऱ्या बाजूनं फोनची नेहमीची वायर, आणि एक चार्जरसारखा अ‍ॅडॉप्टर. पूर्वी जे काम तालुक्याचं एक्स्चेंज करायचं, ते घरापुरतं हा डबा करतो. रिसिव्हर उचलला की डायल टोन तोच देतो, फोन आला की घंटी वाजण्याइतका विजेचा दाब वायरीत तोच सोडतो. बोललेला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजून त्याचे आकडे करतो आणि साधारण वीस-वीस मिलिसेकंदांच्या पुड्या बांधून इंटरनेटवर रवाना करतो. नंदोईंनी तिकडं त्यांच्या घरीही तसाच डबा लावला. दोन्ही डबे एसआयपी नावाच्या पद्धतीनं एकाच सर्व्हरवर नोंदवले. आमचा नंबर १०१, त्यांचा २०१. तासभर बोललं तर साधारण ८० एमबी डेटा जातो. फायबरला ते काहीच नाही.

हे कायद्यात बसतं का, हा माझा पहिला प्रश्न होता. आपल्या देशात एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी आहे, आणि दोन्ही टोकांना अशी इंटरनेटवरचीच उपकरणं असतील तर आपसात बोलता येतं. पण या डब्यातून देशातल्या साध्या फोन नंबरवर कॉल करायचा असेल तर परवानाधारक कंपनीचीच सेवा घ्यावी लागते. आम्हाला मायलेकींचं बोलणं हवं होतं, तेवढं मिळालं.

बसवताना तीन ठिकाणी अडलो. तिन्ही सांगते, कारण कोणाच्या तरी घरी हेच होईल.

पहिलं, जुनी वायर. आमच्या घरात सपरीतून स्वयंपाकघरापर्यंत फोनची वायर आधीच ठोकलेली आहे. डब्याची वायर तिलाच जोडली तर दोन्हीकडं फोन चालतील, असं मी ठरवलं होतं. नंदोई ओरडलेच. बाहेरच्या खांबावरून येणारी लाइन आधी तोडा, म्हणाले. ती चुकून कुठं जिवंत असली तर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट डब्यात शिरतात आणि डबा जातो. आमच्या यांनी शिडी लावून भिंतीबाहेरच वायर कापली, टोकांना टेप गुंडाळली, मगच जोडणी केली.

दुसरं, डायल टोन यायचा, पण २०१ दाबलं की काहीच व्हायचं नाही. बटण दाबलं की कानात ट्टक्, ट्टक्, ट्टक् असा आवाज. दोन दिवस असे गेले. शेवटी फोन उलटा केला तर तळाशी धुळीनं बुजलेली एक बारीक खिटी दिसली. एका बाजूला पी, दुसऱ्या बाजूला टी. पी म्हणजे पल्स, जुन्या चकतीच्या फोनची पद्धत. आमच्या डब्याला ती कळत नव्हती, त्याला टोन हवा होता. केसातल्या पिनेनं खिटी सरकवली आणि बटणं टी-टू-टी अशी गायला लागली.

तिसरं सगळ्यात चिवट निघालं. आम्ही लावलेला फोन लागायचा, तिकडून केलेला मात्र इथं वाजायचाच नाही. राउटर बाहेर जाणाऱ्याला दार उघडतो, पण थोडा वेळ कोणी ये-जा केली नाही की ते दार बंद करून टाकतो. मग बाहेरून आलेला कॉल दाराशीच राहतो. डब्याच्या सेटिंगमध्ये 'कीप अलाइव्ह' सुरू केलं, म्हणजे डबा दर वीस सेकंदांनी आतून टकटक करत राहतो. मोबाईलच्या ब्राउझरमधूनच जमलं. त्या संध्याकाळी साडेपाचला सपरीत घंटी वाजली. खरी घंटी, माळ्यावरची कबुतरं उडाली अशी. आत्याबाई चुलीपुढून उठल्या, पदराला हात पुसले आणि रिसिव्हर उचलला. कोणी शिकवायची गरज पडली नाही.

"हालो, कोन बोलते?" आणि मग थोड्या वेळानं, "अवो, शेजारच्या घरातून बोलल्यावानी आयकू येते!"

एक गोष्ट मात्र जपावी लागते. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून तांब्याच्या तारेनंच यायची, म्हणून गावात अंधार असला तरी तो चालायचा. डब्याचं तसं नाही. वैशाखात वादळ आलं की आमच्याकडं चार-चार तास लाइट नसते. राउटर बंद, डबा बंद, फोन मुका. राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस घेतला, आता तीनेक तास निघतात. आणि आमच्या डब्यातून १०८ किंवा ११२ लागत नाही. त्यासाठी चार्ज केलेला साधा बटणांचा मोबाईल दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो, आणि तो तिथून हलवायचा नाही असं मुलांना बजावलं आहे.

आत्याबाईंना वाचता येत नाही. पण २०१ त्यांच्या बोटात बसलं आहे: वरच्या ओळीतलं मधलं, सगळ्यात खालचं मधलं, मग वरचं पहिलं. फोनकडं न बघता दाबतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासानं पुढं जातात, मग नणंदेचा फोन आमच्याकडं साडेपाचऐवजी साडेचारला येतो. "आज लवकर उठली काय पोरगी?" असं त्या दरवर्षी विचारतात.

परवा नणंदेला पाटोडी करायची होती. बेसन किती, पाणी किती, चालू होतं. मधेच आत्याबाई म्हणाल्या, "थांब, वाटीच पाहून येतो." रिसिव्हर स्टुलावर आडवा ठेवला आणि आत गेल्या. मग वाटी घेऊन थेट अंगणातच उतरल्या, कारण वाळत घातलेल्या तुरीत शेळी शिरली होती. मी रिसिव्हर कानाला लावला आणि सांगितलं, ताई, त्या शेळी हाकलताहेत, थोड्या वेळानं करता का?

"नको वहिनी," ती म्हणाली, "तसाच ठेवा. आयकू येते मला."

मी रिसिव्हर स्टुलावर पुन्हा आडवा ठेवला, अंगणाकडं तोंड करून.