तुम्ही विचारलंत म्हणून: ते विसरायला मी काय केलं?

"ते सगळं विसरायला तू काय केलंस गं?" लोकलमधल्या मैत्रिणी विचारतात, नात्यातल्या बायका विचारतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून माणसं रुळांवर पडली, तेव्हापासून जास्तच. माझ्या शेजारी दारात उभी असलेली मुलगी त्याच्या बरीच वर्षं आधी, दिवा-मुंब्र्याच्या मध्ये पडली होती. मी ते विसरलेले नाही. विसरायची धडपड चालू होती तोवर मी आजारीच होते.

अशा घटनेनंतर झोप उडते, माणूस दचकतो, तेच ते डोळ्यांपुढे येतं. हे कुणालाही होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप निवळतं. महिना उलटला तरी तसंच राहिलं, कामधंदा होईना, तर त्याला पीटीएसडी म्हणतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या त्रासाची दखल घेत १९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी हे निदान आपल्या यादीत घेतलं. पण त्यासाठी युद्धावर जावं लागत नाही. मला कुकरच्या शिट्टीनेही घाम फुटायचा. ऐरोलीच्या ऑफिसला मी रिक्षाने शीळफाटा, मग महापेमार्गे बस, अशी वळसा घालून जायचे. लोकल टाळली की तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं, आणि टाळली म्हणूनच वाचले हे मनात आणखी पक्कं व्हायचं. घरात कुणी विषय काढला की आई म्हणायची, "नको, तिला त्रास होतो." मायेनेच म्हणायची, पण त्यामुळे ती गोष्ट आतच कोंडून राहिली.

ठाण्यात ज्या समुपदेशक बाईंकडे गेले, त्यांनी आधी नीट ओळख होऊ दिली, मग तो दिवस सांगायला लावला. डोळे मिटून, आत्ता घडतंय असं: गाडी कुठे आहे, कानावर काय पडतंय, पायाखाली काय आहे. ते रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. सुरुवातीला ऐकताना रडू आवरायचं नाही. पुढे पुढे तपशील वाढत गेले. मला कायम वाटायचं, मी तिचा हात धरायला हवा होता. एकदा सांगता सांगता बाईंनी विचारलं, "तुमचे हात कुठे आहेत?" डावा दांड्याला होता. उजवा मागच्या बाईच्या पिशवीत आणि माझ्या पाठीत चेपलेला, कोपरापासून हलतही नव्हता. हे मला तोवर आठवलंच नव्हतं. त्या दिवशी मी खूप रडले, पण ते रडणं त्या मुलीसाठी होतं. तोवर मी स्वतःवर खटला चालवत होते.

त्याबरोबर बाहेरचाही सराव होता. सोप्याकडून अवघडाकडे अशी यादी केली. रविवारी दिवा स्टेशनच्या फलाटावर बसून नुसत्या गाड्या बघायच्या. मग दुपारच्या रिकाम्या डब्यात बहिणीबरोबर मुंब्र्यापर्यंत, नंतर ठाण्यापर्यंत, शेवटी सकाळच्या गर्दीत. छाती धडधडली तरी लगेच उठून पळायचं नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं. दारात उभं राहणं यादीत नव्हतंच. त्याची भीती खरी आहे, ती राहायलाच हवी.

आपल्याकडे "ह्याला ठाण्याला भरती करा" हे अजून चेष्टेत म्हणतात. १९०१ पासूनच्या त्या मनोरुग्णालयाच्या नावाने माणसं इतकी बिचकतात, की तिथे नुसता केसपेपर काढून, डॉक्टरांना दाखवून घरी येता येतं हेही विचारत नाहीत. ह्याच शहरात १९९० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. एवढं दाराशी असताना लोक वर्षानुवर्षं कुढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या घरात कुणावर असं काही ओढवलं असेल, तर पहिल्या दिवसांत खोदून खोदून विचारू नका. खाणं, झोप, सोबत एवढं बघा. आपणहून बोलली तर ऐका, विषय बदलू नका. महिन्यानंतरही ती त्या रस्त्याने जात नसेल, झोपेतून ओरडत उठत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. गोळ्या लागल्या तर ते सांगतील. जीव नकोसा झाल्यासारखं बोलली, तर महिन्याची वाट बघू नका. आणि कुठे जायचं हेच सुचत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.