सव्वीसचे टायर, टेपवर साडेपंचवीस

मागच्या दोन्ही टायरांच्या साइडवॉल (बाजूच्या भिंती) दगडांनी फाटल्या, तेव्हा एटीव्हीचे, म्हणजे कच्च्या वाटेवर चालवायच्या माझ्या चारचाकीचे, चारही टायर एकदमच बदलायचं ठरवलं. गाडीबरोबर आलेले 25 इंची होते. खडकाळ वाटेवर गाडीचं पोट घासायचं, म्हणून या वेळी 26 घेतले. पुढे 26×9-12, मागे 26×11-12. पहिला आकडा टायरची एकूण उंची, दुसरा रुंदी, तिसरा रिमचा व्यास, सगळं इंचात. उंची एक इंच वाढली तरी पोट अर्धाच इंच उचललं जातं, कारण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो. पण मला तो अर्धा इंचही हवाच होता.

टायर चढवले, चार पावलं मागे सरून पाहिलं, तर गाडी नाकावर वाकल्यासारखी दिसली. टेप काढला. पुढचं चाक जमिनीपासून 24.75 इंच! तिथेच डोकं फिरलं आणि विक्रेत्याला तक्रार लिहायला बसलो.

ती पाठवली नाही हे बरं झालं. गाडी टायरांवर उभी होती आणि एवढ्या कमी हवेत टायर खाली दबणारच. छापलेली उंची असते ती टायर ठरावीक रुंदीच्या रिमवर, ठरावीक हवेत आणि वजनाशिवाय असतानाची. मग गाडी जॅकवर घेतली. मोटारीच्या हवेचा गेज इथे काही कामाचा नाही; 5 आणि 7 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) यांतला फरक त्याच्या काट्याला कळतच नाही. 10 पर्यंतचाच वेगळा गेज घेतला आणि चारही चाकांत 7 भरली.

उंची दोन प्रकारे मोजली. टायरच्या माथ्यावर लेव्हलची पट्टी धरून खालपर्यंत टेप लावला, पण पट्टी टायरच्या नक्षीच्या ठोकळ्यावर ठेवायची की दोन ठोकळ्यांमध्ये, यात दर वेळी वेगळं उत्तर येत होतं. मग न ताणणारी दोरी मधल्या ठोकळ्यांवरून फिरवून घेर घेतला आणि 3.1416 ने भागला. हे जमलं. पुढचा घेर 79.5, म्हणजे उंची 25.3. मागचा 80.7, म्हणजे 25.7. खऱ्या सव्वीसला 81.7 भरायला हवे होते.

रात्रभर तसंच ठेवलं. नवा टायर हवा भरल्यावर थोडा ताणतो. सकाळी पुढचा 80.1 आणि मागचा 81.2 झाला होता. म्हणजे 25.5 आणि 25.85. आता तक्रार रीतसर पाठवली. उत्तर आलं की हे चालण्याजोग्या फरकात बसतं, आणि मागच्या टायरची रुंदी कमी भरली असेल तर रिम पाहा. रिम 8 इंच रुंद. कंपनीच्या तक्त्यात मापासाठी 9 इंची. अरुंद रिमवर टायर आवळला जातो, त्यामुळे 11 ऐवजी 10.5 भरण्यात त्यांची चूक नव्हती. उंची का कमी भरली याबद्दल मात्र त्यांनी सोयीस्कर मौन पाळलं.

माझी खरी काळजी वेगळीच होती. फोर-व्हील ड्राइव्ह लावला की पुढची-मागची चाकं गिअरने जखडली जातात. घेर जुळला नाही तर कुठलं तरी टोक घसरणारच. चिखलात ते सहज घसरतं, कोरड्या खडकावर तोच ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो. म्हणून चालतं माप घेतलं. नेहमीच्या 5 पीएसआयवर मित्राला सीटवर बसवलं, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली, आणि गाडी ढकलत तीन पूर्ण फेऱ्या. पुढे 231 इंच, मागे 234. फेरीला 77 आणि 78. दोन्ही टायर वजनाने सारखेच दबत होते, फरक मुळातलाच. पुढे हवा 6 केली तेव्हा पुढचा आकडा 77.5 वर आला. मॅन्युअलमध्ये इतकी हवा चालते म्हटलंय, म्हणून तशीच ठेवली. पुढचं टोक आता खडीवर जरा टणक लागतं, पण गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा ते परवडलं.

एवढं झाल्यावर मित्र म्हणाला, "माझे मोज ना." त्याची गाडी हीच, टायर गाडीबरोबर आलेलेच 25 इंची, जेमतेम वापरलेले. 7 पीएसआयवर घेर भरला 76.8. म्हणजे 24.45! मी ज्याला 25 धरून हिशोब केला होता, ते 25 सुद्धा 25 नव्हतं. त्याच्या पुढच्या चाकापेक्षा माझं पुढचं चाक इंचभर उंच होतं, म्हणजे मागितलेला अर्धा इंच मला मिळालाच होता, फक्त 25 आणि 26 हे दोन्ही आकडे प्रत्यक्षात खाली सरकलेले. मित्र मोठ्याने हसला. मी टेप गुंडाळला.

आता चारही रिमच्या आतल्या बाजूला त्या त्या टायरचा मोजलेला घेर, हवा आणि तारीख पक्क्या शाईने लिहून ठेवली आहे. एखादा फाटला तर जोडीचा शोधायला दोरी बरोबर नेणार.