पोळ्यांच्या मावशींचा नंबर कोणी देत नाही

पुण्यात शेजाऱ्याला चांगली मिसळ कुठे मिळते असे विचारावे, म्हणजे तो हातातली भाजीची पिशवी जिन्यात खाली ठेवून अर्धा तास बोलतो. त्याच शेजाऱ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा नंबर मागावा, तर तो “विचारून सांगतो” म्हणतो, आणि आठवडा उलटून गेला तरी त्याला विचारायची आठवण होत नाही. कोथरूडमध्ये बरीच वर्षे राहिल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, शेजाऱ्याची शिफारस ऐकताना तो त्या विषयातला किती जाणकार आहे हे नंतर पाहावे. ती शिफारस केल्याने त्याच्या पदरचे काही कमी होणार आहे का, हे आधी पाहावे.

मिसळ सांगितल्याने संपत नाही. नारायण पेठेत बेडेकरांकडे आणखी चार माणसे गेली तर रविवारची रांग जराशी लांबते, यापलीकडे सांगणाऱ्याचे काही नुकसान नाही. म्हणून मिसळीवरची मते सढळ हाताने वाटली जातात. कोल्हापूरहून आलेल्या आमच्या शेजाऱ्यांना बेडेकरांचा रस्सा गोड लागतो आणि सोबत पावाऐवजी स्लाइस येतो याचे त्यांना अजून नवल वाटते, तर सदाशिव पेठेत लहानाचे मोठे झालेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना कोल्हापूरच्या मिसळीत तिखटाखेरीज काहीही लागत नाही. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. मात्र काकांच्या आमटीत गूळ किती असतो हे मला ठाऊक असल्यामुळे, त्यांनी “फार जहाल आहे हो” म्हणून बाद केलेल्या ठिकाणी मी निर्धास्तपणे जाते आणि सहसा फसत नाही. अनोळखी माणसाच्या मताचा असा उपयोग करता येत नाही, कारण त्याच्या घरची आमटी आपण चाखलेली नसते.

वस्तू कुठे मिळते याबद्दलही पुणेकर कधी हात आखडता घेत नाही, आणि त्याचे कारण या शहराच्या जुन्या रचनेत आहे. सातही वारांच्या नावाच्या पेठा इथे आहेत, आणि त्या पेठांतल्या आळ्या व चौक एकेका धंद्याने वसले किंवा पुढे एकेका धंद्याचे झाले. तांब्या-पितळेची भांडी घडवून घ्यायची किंवा त्यांना कल्हई करून घ्यायची तर कसबा पेठेतली तांबट आळी, शाळेची पुस्तके आणि वह्या घ्यायच्या तर अप्पा बळवंत चौक, खिळे-मोळे, दोरखंड आणि डबे हवेत तर रविवार पेठेतली बोहरी आळी, गाडीचे सुटे भाग हवेत तर नाना पेठ, इलेक्ट्रॉनिक्सचे सामान हवे तर पासोड्या विठोबाचा परिसर, आणि कुठेच मिळत नसलेली एखादी जुनी वस्तू हवी असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. असे सांगताना शेजारी कुठल्याही एका दुकानाची हमी घेत नाही. तो फक्त रस्ता दाखवतो, आणि तोही बहुधा देवळांच्या खुणेने. पुण्यातल्या देवांना जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती अशी नावे कशी पडली याच्या कथा प्रत्येक घरात वेगळ्या असल्या, तरी पत्ता सांगण्याच्या कामी हे मारुती अजून चोख उपयोगी पडतात. नव्याने आलेल्या माणसाला मात्र ही नावे ऐकून आपली थट्टा चालली आहे असे वाटते, हे मी पाहिले आहे.

माणसांची शिफारस करायची वेळ आली की हा सगळा उत्साह मावळतो. पोळ्यांच्या मावशींचेच पाहा. डबे घेऊन घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला पोळ्या सकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान हव्या असतात. या अडीच तासांत एक बाई, घरे जवळजवळ असली तरी, फार तर चार घरे करू शकते. याचा अर्थ असा की मावशींची खरी किंमत माणशी दरात किंवा पोळीमागच्या दरात नसून त्या येतात त्या वेळेत असते, आणि साडेसातची वेळ ज्या घराने मिळवलेली असते ते घर ती सहजासहजी सोडत नाही. शेजारणीला नंबर दिला, तिने महिन्याला थोडे अधिक कबूल केले, की आपल्याकडच्या मावशी “ताई, जरा दहाला आले तर चालेल का?” असे विचारू लागतात, हा अनुभव इमारतीतल्या कुठल्याही गृहिणीला नवा नाही. म्हणून धुणे-भांड्यांच्या मावशींचा नंबर मागितला तर कधीकधी मिळतो, कारण ते काम दुपारीही चालते. पोळ्यांच्या मावशींचा मिळत नाही. यात मला कुठलाही क्षुद्रपणा दिसत नाही. आठ वाजता डबा न भरला गेल्याची किंमत काय असते हे, जिच्या घरी दोन डबे भरले जातात, तिलाच कळते.

ही देवाणघेवाण एकाच बाजूने चालते असे आपण समजतो, ते बरोबर नाही. इमारतीच्या फाटकाशी, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, दोन कामांच्या मधल्या वेळात या बायका बसतात तेव्हा त्यांच्यातही शिफारशी चालू असतात, आणि त्या आपल्या शिफारशींपेक्षा कितीतरी अधिक नेमक्या असतात. कुठल्या घरी खाड्याचे पैसे कापतात, कुठल्या घरी दिवाळीला पूर्ण पगार देतात आणि कुठे साडी देऊन वाटेला लावतात, कुठे चहा न मागता मिळतो, कुठल्या आजी भांडी घासून झाल्यावर पुन्हा मोजतात, कुठे पाहुणे येणार असल्याचे आदल्या दिवशी सांगतात आणि कुठे दारात गेल्यावर कळते, हे सगळे तिथे ठरते. एखादे घर वर्षभर बाई शोधत राहते आणि त्यांना वाटते की हल्ली बाया मिळत नाहीत. प्रत्यक्षात त्या घराबद्दलचे मत कट्ट्यावर केव्हाच झालेले असते. मला विचाराल तर, नव्या इमारतीत राहायला जाणाऱ्याने शेजाऱ्यांकडे नंबर मागत बसण्यापेक्षा आधी काम करणाऱ्या कोणत्याही एका मावशींशी नीट बोलावे. बाकीचे काम त्यांच्या शब्दानेच होते.

सुतार, प्लंबर, रंगारी यांच्या बाबतीत नंबर मिळतो, पण त्याच्यासोबत एक वाक्यही मिळते: “आमच्याकडे तरी चांगलं केलं बुवा, पुढचं तुमचं तुम्ही बघा.” या “तरी”मध्ये आणि “बुवा”मध्ये सांगणाऱ्याने आपली सुटका करून घेतलेली असते. ती आवश्यकही असते, कारण नळ गळत राहिला तर प्लंबर फोन उचलत नाही आणि शिफारस करणाऱ्या काकू मात्र रोज जिन्यात भेटतात. तरीही अशा ओळखीने आलेला कारागीर बहुधा बरे काम करतो. एका इमारतीत चार घरी जाणे-येणे असले की एका घरातली कुरबुर बाकीच्या तिघांच्या कानावर जाईल हे त्यालाही कळते. मजुरी किती दिली या प्रश्नाचे उत्तर मात्र शेजाऱ्याकडून जसेच्या तसे घेऊ नये. आपण फसलो असे कोणालाच वाटून घ्यायचे नसते, त्यामुळे दिलेला आकडा सांगताना थोडा खाली येतो, आणि मग नवा माणूस त्या खालच्या आकड्यावरून घासाघीस सुरू करतो आणि कारागिराला उगाच उद्धट वाटतो.

वाईट मत देण्याची पद्धत तर याहून सावध आहे. दुकानांच्या आणि वाड्यांच्या दारांवरच्या पुणेरी पाट्यांनी या शहराला फटकळपणाची कीर्ती मिळवून दिली असली, तरी शेजारधर्मात हा फटकळपणा क्वचितच दिसतो. एखाद्या डॉक्टरांबद्दल किंवा मिठाईच्या दुकानाबद्दल विचारले आणि उत्तर “आम्ही हल्ली दुसरीकडे जातो” असे आले, तर त्याहून कडक निकाल मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. का, हे विचारण्यात अर्थ नाही. कुठे, हे विचारावे. डॉक्टरांच्या शिफारशींबाबत एवढेच म्हणेन की, शेजारी ज्यांना “फार छान” म्हणतात ते पुष्कळदा बोलायला छान असतात. शांतपणे ऐकून घेणारा डॉक्टर मिळणे ही मोठी गोष्ट आहे हे मान्य करूनही, गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने शेजारणीला डॉक्टरांचा स्वभाव न विचारता सहा महिन्यांनी ती जिना कसा चढते ते पाहावे.

वाटून घेतल्याने ज्या गोष्टी उलट वाढतात त्यांच्या बाबतीत मात्र हीच माणसे किती वेगळी वागतात, हे गणेश चतुर्थीला दिसते. प्राणप्रतिष्ठेसाठी सगळ्यांना गुरुजी सकाळीच हवे असतात आणि पुण्यात त्या दिवशी गुरुजींइतके दुर्मीळ कोणी नसते. पोळ्यांच्या मावशींचा न्याय लावला तर कोणीही आपल्या गुरुजींचे नाव सांगता कामा नये. पण घडते ते नेमके उलटे. एकाच इमारतीत पाच पूजा मिळाल्या तर गुरुजींचा गर्दीतून स्कूटर हाकण्याचा वेळ वाचतो, म्हणून ते त्या इमारतीचा होकार आधी देतात, आणि म्हणून काकू आपणहून दारोदार विचारत फिरतात. पहिली पूजा चौथ्या मजल्यावर साडेसहाला आणि शेवटची तळमजल्यावर दहाला, असे वेळापत्रक नारळ-सुपारीच्या आधी तयार असते.

हापूसचेही तसेच आहे. एप्रिल उजाडला की प्रत्येक घराचा एक “आमचा देवगडचा माणूस” प्रकट होतो आणि पेट्या एकत्र मागवल्या की भाव उतरतो, म्हणून त्याचे नाव सगळ्यांना कळते. कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो ही तक्रार पुण्याच्या बाजारात जुनी आहे. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हे आले, तरी पेटी दारात येते तेव्हा मानांकन वाचायला कोणी थांबत नाही; गेल्या वर्षीचा आंबा कोणाच्या घरी आतून साका निघाला होता याची उजळणी होते, आणि त्यावरून यंदाचा माणूस ठरतो. ही पद्धत मला कुठल्याही शिक्क्याइतकीच भरवशाची वाटते.

सगळ्यात अधिक जपून ऐकावे असे मत म्हणजे शेजाऱ्याने स्वतःच्या वस्तीबद्दल दिलेले मत. पुणे महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे आली, आणि क्षेत्रफळाच्या हिशेबाने ही महापालिका मुंबईच्या महापालिकेपेक्षाही मोठी झाली. पण हद्द वाढली त्या वेगाने जलवाहिन्या पोहोचल्या नाहीत. शहर पाणी पिते ते मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीतून, आणि जुन्या पेठांतला माणूस गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असले की दोन बादल्या जास्त भरून ठेवतो, तेव्हा नव्या भागांतल्या कित्येक सोसायट्या उन्हाळाभर टँकरवर काढत असतात. आता अशा सोसायटीत फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या माणसाने तिथल्या रहिवाशाला “पाणी कसं आहे?” असे विचारले तर त्याने काय उत्तर द्यावे? त्याने आयुष्याची कमाई त्या भिंतींत घातलेली आहे, गृहकर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, आणि पाणी नाही ही बातमी बाहेर गेली तर त्याच्याच घराचा भाव उतरणार आहे. तो “पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही” म्हणतो, आणि टँकर वेळेवर येतो या अर्थाने ते खोटेही नसते.

माझी भाची मागच्या वर्षी बाणेरच्या पलीकडे घर पाहत होती, तेव्हा तिला मी सांगितले की असा मोघम प्रश्न विचारूच नकोस. मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात, त्यांचे पैसे मासिक देखभाल खर्चात धरलेले आहेत की वेगळे काढावे लागतात, आणि बोअरचे पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरते, एवढे तीन प्रश्न विचार. आणि तेही सोसायटीच्या अध्यक्षांना नको, फाटकावरच्या वॉचमनदादांना. त्यांचा तिथे फ्लॅट नसतो, आणि आत आलेल्या प्रत्येक टँकरचा नंबर वहीत त्यांनीच लिहिलेला असतो.