आज रात्री काय घालायचं? क्रूझवरच्या सात संध्याकाळी

जहाजावर चढताना मोठी बॅग आपल्याजवळ नसते. टर्मिनलच्या दाराशीच ती हमालांच्या हवाली करायची. मुठीला केबिन नंबरची पट्टी, आणि मग स्कॅनर, लोखंडी पिंजरे, मालाच्या लिफ्ट असं करत करत ती आपल्या डेकवर पोचते. तुम्ही दुपारी एकला चढलात तरी ती चारला येईल, सहाला येईल, कधी जेवणाची वेळ उलटून गेल्यावर येईल. म्हणून पहिल्या संध्याकाळी जवळजवळ सगळ्याच कंपन्यांच्या जहाजांवर पोशाख साधा असतो.

ही काही आजची ढिलाई नव्हे. १९१२ साली, टायटॅनिकच्या पिढीतल्या जहाजांवरही, पहिल्या वर्गाचे प्रवासी जेवायला नटूनथटून येत, पण पहिल्या आणि शेवटच्या रात्री नाही. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत, शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असत. ड्रेस कोडमधलं बाकी सगळं बदललं, एवढं एक कलम टिकलं. कारण ते शिष्टाचारातून आलंच नव्हतं, सामानातून आलं होतं.

त्यामुळे पहिल्या संध्याकाळचे कपडे हातातल्या छोट्या बॅगेत हवेत: एक लांब पँट, कॉलरचा शर्ट किंवा साधा ड्रेस, बंद बूट. बॅग उशिरा येण्याचं आणखी एक कारण प्रवासी स्वतःच पैदा करतात. कपड्यांची इस्त्री आणि वाफेची हँड-स्टीमर आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये न्यायला बंदी असते. स्कॅनरमध्ये ती दिसली की बॅग केबिनऐवजी सुरक्षा विभागाच्या खोलीत जाते. तुम्ही तिथे जाऊन, बॅग उघडून, वस्तू जमा करेपर्यंत ती तिथेच. म्हणजे सूट चुरगळू नये म्हणून आणलेल्या इस्त्रीपायी अख्खा सूटच अडकतो.

दुसरी संध्याकाळ ही खरी परीक्षेची. सात रात्रींच्या सफरीत साधारणपणे दोन नटण्याच्या रात्री असतात आणि त्या शक्यतो समुद्रातल्या दिवशी येतात. बंदराच्या दिवशी लोक घामाघूम होऊन संध्याकाळी पाचला परततात, त्यांना सहाला सूट घालायला लावणं कुणालाच परवडत नाही. पहिल्या पूर्ण सागरी दिवशी कॅप्टनचं स्वागत, लॉबीत पडदे लावून उभे असलेले फोटोग्राफर, जिन्यावरची गर्दी, हे सगळं एकत्र येतं. नक्की तारीख आधीच कळत असेल तर ठीक. नाहीतर केबिनमध्ये येणारी रोजची कार्यक्रमपत्रिका किंवा कंपनीचं अॅप पाहायचं, त्यात ‘आजचा पोशाख’ अशी ओळ असते.

क्रूझ कंपन्यांनी या रात्रीचं बारसं मात्र इतक्यांदा केलंय की बॅग भरणारा चक्रावतो. कार्निव्हल तिला ‘क्रूझ एलिगंट’ म्हणते. सेलिब्रिटी क्रूझेसने २०१५च्या शेवटी ‘फॉर्मल’ काढून ‘इव्हनिंग शिक’ आणलं. रॉयल कॅरिबियनकडे ‘वेअर युअर बेस्ट’, हॉलंड अमेरिकाची ‘गाला नाइट’ आता ‘ड्रेसी’. प्रिन्सेसने ‘फॉर्मल’ हा शब्द टिकवून ठेवला. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर फॉर्मल रात्रच नाही. व्हर्जिन व्हॉयेजेसने ड्रेस कोड काढून टाकला, पण ‘स्कार्लेट नाइट’ला सगळ्यांनी लाल घालावं असं सुचवलं. म्हणजे काळ्या बो टायऐवजी लाल शर्ट शोधत फिरायचं. माणसाला एक रात्र तरी सगळ्यांसारखं दिसायचं असतं, असं मला वाटतं.

हे सैल झालं कशामुळे? ‘लोकांना नटायचा कंटाळा आला’ हे उत्तर अर्धंच. पूर्वी जेवणाच्या दोन ठरलेल्या पंगती असत, एक सहाच्या आसपास, दुसरी आठ-सव्वाआठला. टेबल तेच, शेजारी तेच, वेटर तोच. रोज त्याच आठ जणांसमोर बसायचं म्हटल्यावर कपडे हा एक कार्यक्रम होता. २०००मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ आणलं: ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, सक्तीची फॉर्मल रात्र नाही. बाकीच्यांनीही हळूहळू ‘हव्या त्या वेळी जेवा’ ही सोय दिली. पंगतच मोडली तेव्हा पंगतीचा पोशाख किती दिवस टिकणार? दुसरं कारण विमानाचं. बरेच प्रवासी बंदरापर्यंत विमानाने येतात आणि स्वस्त तिकिटावर फार तर साधारण २३ किलोंची एकच बॅग मिळते. सूट सुमारे दीड किलो, चामड्याचे बूट किलोभर, त्यात लांब गाऊन आणि त्यावरच्या सँडल. दोन संध्याकाळींसाठी चार-पाच किलो वजन वाहायला लोक नाही म्हणू लागले.

ब्रिटिश कंपनी क्युनार्ड अजून खिंड लढवते आहे. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्रींच्या अटलांटिक सफरीवर क्वीन मेरी २ या जहाजावर गाला संध्याकाळी आजही टक्सीडो (बो टायवर घालायचा संध्याकाळचा काळा सूट), किंवा गडद सूट आणि टाय, आणि लांब गाऊन दिसतात. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा मुखवट्यांची ‘मास्करेड’ असे विषयही असतात. आपल्या देशाचा औपचारिक पारंपरिक पोशाखही चालतो. स्कॉटिश लोक किल्ट घालून येतात आणि सगळ्यांत रुबाबदार तेच दिसतात.

बॅग भरताना मी रात्रीच्या नावाकडे बघत नाही, दाराकडे बघतो: नियम कोणत्या दाराला लागू आहे? बहुतेक कंपन्यांत तो फक्त मुख्य डायनिंग रूमला आणि काही जादा पैशांच्या रेस्टॉरंटना असतो. बुफेला नसतो, पिझ्झाच्या काउंटरला नसतो, केबिनमध्ये मागवलेल्या जेवणाला तर नसतोच. क्युनार्डवर उलट आहे. संध्याकाळी सहानंतर नियम जहाजाच्या बऱ्याच भागाला, म्हणजे कित्येक बार आणि नाचाच्या हॉललाही लागतो, आणि ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी बुफेसारख्या ठरावीक जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. हा फरक न कळल्याने माणसं दुखावतात. बुफेत जेवून साध्या टी-शर्टवर नाचाच्या हॉलकडे निघालेल्याला कुणीतरी हळूच अडवतं आणि त्याला तो अपमान वाटतो.

दारावर उभा असतो तो डायनिंग रूमचा प्रमुख, पहारेकरी नव्हे. हल्ली बहुतेक जहाजांवर तो टाय नसल्याबद्दल काही बोलत नाही, जॅकेट नसल्याबद्दलही नाही. पण बिनबाह्यांची बनियन, पोहण्याचे कपडे, अनवाणी पाय, आणि बऱ्याच ठिकाणी रबरी चपला व टोपी, यावर तो बोलतो. कमाल मर्यादा गेली, किमान उरली. माझं मत विचाराल तर किमान मर्यादेबद्दल कंपन्यांनी आणखी कडक असावं आणि कमाल मर्यादेबद्दल गप्प बसावं. शेजारच्या टेबलावर ओली चड्डी घालून बसलेला माणूस त्रासदायक असतो, टाय न बांधलेला नसतो.

आता टक्सीडो न्यायचाच असेल तर चुका कुठे होतात ते सांगतो. सगळ्यांत जास्त विसरतात ते स्टड. टक्सीडोच्या खास शर्टाला पुढच्या वरच्या भागात बटणं नसतात, दोन्ही बाजूंना नुसती काजं असतात, आणि त्यांत साधारण चार सुटे स्टड घालायचे असतात. शिवाय दोन कफलिंक. स्टड घरी राहिले तर शर्ट छातीवर उघडा पडतो आणि जहाजावरच्या दुकानात ते मिळतीलच असं नाही. उपाय दोन: बटणं पट्टीखाली झाकलेला शर्ट न्यायचा, किंवा स्टड आणि कफलिंक एका छोट्या डबीत घालून ती डबी बुटात ठेवायची. बूट विसरता येत नाहीत.

टक्सीडोवर कमरेला बांधायच्या कापडी पट्ट्याच्या चुण्या वरच्या बाजूला उघड्या असतात. तो उलटा बांधलेला पुरुष दर टेबलामागे एक तरी सापडतो. त्याखाली बेल्ट घालत नाहीत, नाहीतर बकल फुगतं. इंग्रज त्याला ‘कमरबंड’ म्हणतात तो आपला कमरबंदच, हिंदुस्थानातून त्यांच्या पोशाखात गेलेला. ‘टक्सीडो’ हे नाव मात्र न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कवरून आलेलं.

बो टाय आयती बांधलेली असेल तर गळपट्टीवरचं माप आधी सरकवून पाहा, मान दोन बोटं मोकळी राहायला हवी. हाताने बांधायची असेल तर एक टोक दुसऱ्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर लांब सोडायचं. लांब टोक आखूड टोकावरून नेऊन खालून वर काढायचं. आखूड टोक दुमडून आडवं फुलपाखरू करायचं, लांब टोक त्याच्या मधोमध पुढून खाली सोडायचं, मग तेही दुमडून मागच्या फटीतून ढकलायचं. ढकलताना फट दिसत नाही, बोटाने चाचपावी लागते. नेमकं तिथेच जहाज डुलतं आणि सगळं सुटतं. सराव आदल्या दिवशी, आरशासमोर, आंघोळीआधी करावा. घाम आलेल्या बोटांना रेशीम ऐकत नाही.

जॅकेट बॅगेत घालताना कॉलर उभी करा, एक खांदा आतून बाहेर उलटा, दुसरा खांदा त्याच्या पोकळीत बसवा. अस्तर बाहेर येतं. मधे ड्रायक्लीनरकडची पातळ प्लास्टिक पिशवी ठेवून एकदाच आडवी घडी घाला आणि सगळ्यांत वर ठेवा. प्लास्टिकवरून कापड घसरतं म्हणून चुण्या पक्क्या होत नाहीत. बॅग आल्याबरोबर पहिलं काम जॅकेट टांगायचं. बाथरूममध्ये गरम वाफेवर टांगायची युक्ती जहाजावर अर्धीच चालते, कारण तिथला पंखा बहुधा बंद करता येत नाही आणि वाफ ओढून नेतो. त्यापेक्षा ओल्या हाताने कापड हलकंसं पुसून ताणावं आणि रात्रभर ठेवावं.

इस्त्री हवीच असेल तर आधी पाहा: प्रवाशांनी स्वतः वापरायची लाँड्री जहाजावर आहे का? कार्निव्हलच्या बहुतेक जहाजांवर, प्रिन्सेस आणि क्युनार्डवर असते, रॉयल कॅरिबियनवर नसते. असली तरी फॉर्मल संध्याकाळी चार ते साडेपाच तिथे इस्त्रीसाठी जी रांग लागते, तिच्यात अर्धी कॉलर इस्त्री करून पळणारे लोक दिसतात. त्याच दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी जा, खोली रिकामी असते. लाँड्री नसेल तर कपडे पहिल्याच रात्री केबिनच्या पिशवीत घालून इस्त्रीला द्या. त्याच दिवशी परत हवे म्हटलं की दर चढतो.

स्त्रियांच्या कपड्यांत लांबीपेक्षा टाच महत्त्वाची. बाहेरच्या डेकवर लाकडी फळ्यांच्या फटी असतात, बारीक टाच त्यांत अडकते. जिन्यावर जहाज तिरकं झालं की तीच टाच घोट्याला भोवते. रुंद टाच, पाच सेंटिमीटरच्या आत, आणि दोन्ही रात्रींना एकच जोडी. गाऊनचा घेर जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटर वर हवा, टाच घालून मोजलेला. डायनिंग रूमचं एसी कायम गारठवणारं असतं, म्हणून शाल घ्याच. ती खुर्चीच्या पाठीवरून घसरते, मांडीवर ठेवावी.

तिसरी ते सहावी संध्याकाळ, मधली दुसरी फॉर्मल रात्र सोडली तर, ‘स्मार्ट कॅज्युअल’ या गुळगुळीत शब्दात जाते. व्यवहारात त्याचा अर्थ: पुरुषांना लांब पँट आणि कॉलर, स्त्रियांना ड्रेस किंवा पँटवर चांगला टॉप. न फाटलेली गडद जीन्स बहुतेक ठिकाणी चालते. शॉर्ट्सवर मतभेद आहेत. कार्निव्हलवर साध्या रात्री नीट शिवलेल्या शॉर्ट्स चालतात, इतर कित्येक ठिकाणी संध्याकाळी मुख्य डायनिंग रूममध्ये चालत नाहीत. कंपनी एकच असली तरी जादा पैशांच्या रेस्टॉरंटचा नियम वेगळा असू शकतो, तेव्हा टेबल राखतानाच विचारावं.

मी सात रात्रींसाठी पुरुषाला एवढंच सांगेन: एक गडद निळा किंवा कोळशी सूट, एक वेगळी पँट, तीन शर्ट, दोन टाय, एक काळे बूट. टायसह सूट फॉर्मल रात्रीला, त्याचंच जॅकेट वेगळ्या पँटवर टायशिवाय इतर रात्रींना. काळा सूट असा फोडून वापरता येत नाही, तो अर्धाच राहिल्यासारखा दिसतो. जॅकेट आणि बूट विमानात अंगावरच घालून या, दोनेक किलो वाचतात.

सातव्या रात्री पुन्हा पोशाख साधा. मोठी बॅग रात्री दहा-अकराच्या आत केबिनच्या दाराबाहेर ठेवायची असते. ती रात्रीत खाली जाते आणि सकाळी टर्मिनलवरच भेटते. जेवणाआधी बॅग अर्धी भरा, जेवून आल्यावर अंगावरचे कपडे त्यात टाका आणि बंद करण्यापूर्वी पलंगावर उद्याची पँट, शर्ट, आतले कपडे आणि बूट मांडून हाताने मोजा. दर सफरीत कुणी ना कुणी सगळंच बॅगेत भरतो आणि सकाळी पायजम्यावर जहाज उतरतो. त्याला हाक मारून बॅग परत आणून देणारं कुणी नसतं, कारण ती तेव्हा खालच्या पिंजऱ्यात, शेकडो बॅगांच्या मागे असते.