माझी स्टाइलभाषा, नोंद 6 : ‘जर’ काढून टाकला

मजकुराच्या फाइलीपासून पीडीएफ करणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहितोय. पानावर काय कसं दिसावं ते सांगणारी माझी स्टाइलभाषा त्याला मागच्या नोंदीपर्यंत वाचता येऊ लागली होती. या पंधरवड्यात तिच्यात एकही नवी प्रॉपर्टी, म्हणजे दिसण्याचा नवा गुणधर्म, घातली नाही. उलट एक आख्खी सोय काढली, आणि भाषा सुधारली असं मला मनापासून वाटतं.

ती सोय म्हणजे ‘जर’. नियम साधा होता: मथळा दोन ओळींत गेला, तर टाइप 24 वरून 20 पॉइंट कर. ‘शेतकऱ्याचा आसूड’ या चाचणीच्या मथळ्याला तो नियम कधी लागलाच नाही. मग एक लांबलचक मथळा दिला आणि प्रोग्रॅम थांबेचना. 24 मध्ये दोन ओळी, म्हणून 20 केला. 20 मध्ये तो एका ओळीत मावला, म्हणजे अट खोटी. की परत 24. स्टाइलवरून मांडणी ठरते, आणि मी मांडणीवरून स्टाइल ठरवायला निघालो होतो. फेऱ्यांना मर्यादा घालून पाहिली, पण मग शेवटची फेरी कोणती यावर पान ठरायला लागलं. ते मला पटेना.

डीएसएसएसएल आणि सीएसएस (वेबपानांसाठी वापरतात ती) या दोन जुन्या स्टाइलभाषा, दोन्हींची पहिली प्रमाणित आवृत्ती 1996 सालची. डीएसएसएसएल स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेवर बेतलेली, त्यामुळे तिच्यात हिशेब, अटी, सगळं लिहिता येतं. सीएसएस नुसतं ‘हे असं दिसू दे’ म्हणतं. इतकी वर्षं मला तो सीएसएसचा दुबळेपणा वाटायचा. आता तसं वाटत नाही. नुसते नियम असले की स्टाइलची फाइल वाचूनच पान कसं दिसेल ते सांगता येतं.

दुसरी अडचण पहिलं अक्षर मोठं करण्याची. चाचणीचा परिच्छेद ‘श्रीमंत’ने सुरू होत होता. पानावर आला भलामोठा ‘श’, शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला हलन्त आणि मग ‘रीमंत’. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या संकेतांनी साठवतो त्यात, ‘श्री’ ही चार चिन्हं आहेत: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. ‘स्त्री’ तर सहा. माझा कोड पहिलं चिन्ह उचलत होता. आता जोडाक्षर मात्रेसकट एकत्र धरतो. मथळ्यातली अक्षरं विरळ करायचा नियमही देवनागरीपुरता बदलला: शिरोरेषा जागोजाग तुटत होती, म्हणून आता फक्त शब्दांमधली जागा वाढते.

पुढे तळटिपा. कागदावर आखून पाहिलं, तर तिथेही तेच चक्र दिसतंय. टीप पानाच्या तळाशी बसवली की जागा कमी पडून तिचा आकडा असलेली ओळच पुढच्या पानावर जाते. टीप तिच्यामागे जाते, इथे जागा मोकळी होते, आणि ओळ परत येते. तुमच्यापैकी कोणी हे सोडवलं असेल, तर ओळ कुठे ठेवलीत आणि टीप तोडलीत का, ते जरूर सांगा.